कार्ड आणि कड्या

साठच्या दशकात आमची आत्या आणि काका दोघंही मुंबईत एकाच कंपनीत ‘मशीनवर’ होते. आत्या पंच ऑपरेटर, काका आयबीएम १४०१ या संगणकावर. दिवाळीला एकत्र आले की फराळाबरोबर वाद ठरलेला: खरं काम कोणाचं?

आत्या म्हणे, मी ८० रकान्यांचं कार्ड पंच केलं नाही तर तुझं मशीन उपाशी. त्यावर काका सुरू होत. कार्ड वाचलं की अक्षर न् अक्षर मेमरीच्या १ ते ८० या घरांत जाऊन बसतं. छापायची ओळ २०१ ते ३३२ मध्ये मांडायची. निवृत्तीनंतरही हे आकडे त्यांना तोंडपाठ होते.

ही घरं फेराइटच्या, मोहरीएवढ्या चुंबकीय कड्यांची. प्रत्येक कडीतून बारीक तारा ओवलेल्या. दोन तारांतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला की त्या जिथे एकमेकींना छेदतात तेवढीच कडी उलटते. चुंबकत्व एका दिशेला तर १, दुसऱ्या दिशेला तर ०. वाचताना नोंद पुसली जाते, म्हणून वाचलं की लगेच परत लिहायचं. कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकातही अशाच कड्यांची मेमरी होती.

काकांचा लाडका विषय प्रिंटर. १४०३ मिनिटाला ६०० ओळी छापे, म्हणजे ओळीला १०० मिलिसेकंद. त्यातले सुमारे ८४ मिलिसेकंद १४०१ नुसतं तिष्ठत राही. म्हणून प्रिंटरसाठी कड्यांची वेगळी मेमरी घेता येई. ओळ २ मिलिसेकंदांत तिच्यात उतरवली की मशीन पुढच्या हिशेबाला मोकळं. “पगाराच्या कामाला रात्री लवकर सुटायचो ते त्या कड्यांमुळे,” असं काका सांगत.

मग आत्या हुकमाचा पत्ता टाके. प्रत्येक अक्षराला ८ कड्या, त्यातली एक तपासणीची. त्यांतल्या १ ची बेरीज विषम आली नाही तर मशीन थांबे. पण पंच करतानाच ३ च्या जागी ८ चं भोक पडलं तर? मशीनच्या लेखी ते बिनचूकच. ते पकडायला दुसरी मुलगी व्हेरिफायरवर तीच माहिती पुन्हा टाइप करी. कड्या स्वतःची चूक पकडत, आत्याची नाही. म्हणून एकाच कार्डामागे कंपनीला दोघींना पगार द्यावा लागे, आणि एवढं मात्र काकांना कबूल करावं लागे.