नालबंदाचा टाका

मानेतली मोठी रक्तवाहिनी फाटली की शल्यचिकित्सकापुढे दोन वाटा असतात: ती बांधून टाकायची, किंवा भोक शिवून तिच्यातला प्रवाह चालू ठेवायचा. बांधण्याची वाट जुनी आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारेने एका सैनिकाची मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी बांधली. सैनिक वाचला, पण त्याची वाचा गेली आणि अर्धे अंग लुळे पडले. १८०३ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या ‘टोनंट’ जहाजावर डेव्हिड फ्लेमिंगने गळा कापून घेतलेल्या नोकराची हीच धमनी बांधली आणि तो बरा झाला. शिवण्याची वाट मात्र घोड्याच्या मानेतून निघते.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घोड्यांची दुखणीखुपणी नालबंद पाहत. रक्त काढायचे झाले की मानेच्या खोबणीतली जुग्युलर शीर दाबून फुगवायची, तिच्यावर नश्तराचे पाते टेकवायचे आणि लाकडी दांडक्याचा एक ठोका द्यायचा. पुरेसे रक्त गेले की जखमेच्या दोन्ही कडांतून टाचणी आरपार घालत आणि तिच्याभोवती घोड्याचाच केस इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळत.

१७५९ मध्ये न्यूकॅसलचा शल्यचिकित्सक हॅलोवेल याने आपल्याच पेशातल्या लॅम्बर्टच्या सूचनेवरून हाच टाका माणसाच्या दंडातल्या धमनीला घातला. पोलादी टाचणी सुमारे पाव इंचाची होती. धमनी न बांधता जखम मिटली. लॅम्बर्टने ही हकिकत लंडनचा शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर याला पत्राने कळवली.

या नात्यावर एक आक्षेप रास्त आहे. घोड्याच्या मानेवरची टाचणी कातडीच्या कडांतून जाई, हॅलोवेलची थेट धमनीच्या भिंतीतून गेली. शिवाय शिरेतला दाब धमनीच्या मानाने किरकोळ. मग साम्य नावापुरतेच उरते का? तसे नाही. नालबंदाकडून आली ती रीत: जखमेचे ओठ जुळवायचे, पण नळी दाबून बंद करायची नाही. धमनीच्या बाबतीत असा विचारच तोवर रुळला नव्हता. १७७३ मध्ये आस्मानने प्राण्यांवर हा टाका घालून पाहिला, तेव्हा गुठळ्या होऊन धमन्या बुजल्या आणि ही कल्पना शतकाहून अधिक काळ अडगळीत पडली.

रक्तवाहिन्या शिवण्याच्या श्रेयाची लोकप्रिय कथा ल्यॉनची आहे. १८९४ मध्ये तिथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना भोसकले गेले. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटून ते दगावले. ती शिवता आली असती असे तरुण आलेक्सिस कारेलचे मत होते. भरतकाम करणाऱ्या बाईकडून तो बारीक सुईचे काम शिकला आणि १९०२ मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली: तीन आधारटाके ताणून गोल तोंडाचा त्रिकोण करायचा आणि सरळ झालेली एकेक बाजू शिवायची. १९१२ चे नोबेल त्याला मिळाले. पण यासिनोव्स्कीने प्राण्यांच्या धमन्या १८८९ मध्येच शिवल्या होत्या आणि शिकागोच्या मर्फीने १८९६ मध्ये मांडीतली जखमी धमनी जोडली होती. भरतकामाने हात दिला, कल्पना दिली नाही. तिचा मान न्यूकॅसलचाच. कारेलनेही सुरुवातीच्या प्रयोगांत कुत्र्याच्या मानेतलीच कॅरोटिड जुग्युलरला जोडली होती.

रणांगणावर शिवण्याची ही वाट उशिरा पोचली. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांपैकी फक्त ८१ शिवल्या गेल्या, बाकी बहुतेक बांधल्या. कोरियाच्या युद्धात शिवणे रूढ झाले.

निदानाची वाट वेगळी. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझने कॅरोटिडमध्ये क्ष-किरण अडवणारे द्रव्य टोचून मेंदूच्या धमन्या क्ष-किरणांत दाखवल्या. त्याचा रोख जखमांवर नव्हे, मेंदूतल्या गाठींवर होता. जखम केव्हा उघडायची हा प्रश्न निराळा होता. १९५६ मध्ये डॅलसच्या फोगलमन आणि स्ट्युअर्ट यांनी मानेच्या भेदक जखमा तातडीने उघडून पाहिल्यास मृत्यू सुमारे ६ टक्के, उशीर केल्यास ३५ टक्के, असे मांडले. १९६९ मध्ये शिकागोत जखमेच्या जागेनुसार मानेचे तीन विभाग पाडले गेले.

आज उसळणारे रक्त, साकळलेल्या रक्ताची वाढती गाठ किंवा हाताला जाणवणारी थरथर आढळली तर रुग्ण थेट शस्त्रक्रियेला जातो. प्रकृती स्थिर असेल तर आधी सीटी अँजिओग्राफी होते. कवटीच्या तळाशी किंवा गळपट्टीच्या हाडामागे हात पोचणे अवघड, तिथे धमनीच्या आतून स्टेंट, म्हणजे आधार देणारी जाळीदार नळी, बसवतात. मुक्या माराने धमनीचे अस्तर फाटले असेल तर बहुधा गुठळीविरोधी औषधे पुरतात. एका बाजूची जुग्युलर बांधली तरी चालते. कॅरोटिड मात्र शक्य तोवर शिवायची.