दिनविशेष : ७ डिसेंबर – सिसेरोची हत्या

इ.स.पू. ४३. रोमचा नामांकित वक्ता मार्कस टुलियस सिसेरो पालखीतून समुद्राकडे निघाला होता. फॉर्मियाजवळ मारेकऱ्यांनी त्याला गाठले आणि शिर उतरवले. वय ६३.

या खुनाला कायद्याचे कवच होते. नोव्हेंबरअखेर मंजूर झालेल्या कायद्याने अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस या तिघांना पाच वर्षांसाठी जवळपास अमर्याद अधिकार मिळाले. मग वध्य माणसांच्या याद्या लागल्या. मारणाऱ्याला बक्षीस, मरणाऱ्याची मालमत्ता जप्त. फौजेसाठी पैसा हवाच होता. अँटनीविरुद्ध १४ जहाल भाषणे रचणारा सिसेरो त्यातून सुटणे अवघडच होते. ज्या ऑक्टेव्हियनला त्याने सिनेटमध्ये उचलून धरले, त्यानेही अखेर हात झटकले.

अँटनीच्या हुकमावरून सिसेरोचे मस्तक आणि हात रोममधल्या भाषणाच्या चौथऱ्यावर लोकांना दिसतील असे लावले गेले.

वर्षभरात फिलिपायच्या रणात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणारे ब्रुटस आणि कॅसियसही संपले. इ.स.पू. २७ मध्ये ऑक्टेव्हियन ‘ऑगस्टस’ झाला. सिनेट भरत राहिली, दरवर्षी कॉन्सल नेमले जात राहिले. बहुतेक फौज आणि महत्त्वाचे प्रांत मात्र एकाच माणसाच्या मुठीत होते.