सीडी मागणारा लॅपटॉप

पेनड्राइव्हवरून डेबियन लिनक्स टाकून होते. लॅपटॉप पुन्हा सुरू होतो, नवा वापरकर्ता हौसेने पहिले पॅकेज घ्यायला जातो आणि पडद्यावर मागणी उमटते: अमुक नावाची डिस्क ‘/मीडिया/सीडीरॉम/’ या ड्राइव्हमध्ये घाला आणि एंटर दाबा. लॅपटॉपला तर सीडीचा ड्राइव्हच नसतो. आपलेच काही चुकले अशा समजुतीने मग कोणी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सगळे पहिल्यापासून टाकायला घेतो. खरे तर बिघडलेले काहीच नसते. त्या मागणीमागे लिनक्स हातोहात वाहून नेण्याचा तीन दशकांचा इतिहास आहे.

लिनस टोरव्हाल्ड्सने 1991 साली हेलसिंकीत लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहिले, पण नुसत्या कर्नलवर काम भागत नाही. सुरुवातीच्या काळात दोन फ्लॉपी लागत, एक ‘बूट’ आणि एक ‘रूट’. पहिलीने यंत्र जागे करायचे, मग ती काढून दुसरी घालायची. 1993 च्या जुलैत पॅट्रिक व्होल्करडिंगने स्लॅकवेअर आणले तेव्हा फ्लॉपींची संख्या 24 झाली होती. प्रत्येकीत जेमतेम 1.44 एमबी मावे. गठ्ठ्यांना अक्षरांची नावे होती: ‘ए’मध्ये मूळ प्रणाली, ‘एन’मध्ये नेटवर्क, ‘एक्स’मध्ये चित्रमय पडदा. ज्याला जे नको, त्याने तो गठ्ठा उतरवायचाच नाही. एखाद्या फ्लॉपीचा सेक्टर खराब निघाला की काम तिथेच अडे. मग डॉसमधल्या ‘रॉराइट’ प्रोग्रामने तेवढीच फ्लॉपी पुन्हा लिहायची. काम कष्टाचे होते, पण चूक नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येई. पुढच्या माध्यमांनी वेग दिला, ही सोय मात्र हिरावून घेतली.

एका पॅकेजला दुसरे कोणते लागते, याची चौकशी स्लॅकवेअर करत नसे. आजही करत नाही. ऑगस्ट 1993 मध्ये इयन मर्डॉकने सुरू केलेल्या डेबियनने ही नोंद पॅकेजमध्येच ठेवायला सुरुवात केली आणि मार्च 1999 च्या डेबियन 2.1 मध्ये ‘अ‍ॅप्ट’ आले. लागणारी पॅकेजे ते स्वतः शोधून आणी, इंटरनेटवरून किंवा सीडीवरूनही. ‘अ‍ॅप्ट-सीडीरॉम’ ही आज्ञा प्रत्येक सीडीची यादी वाचून ‘सोर्सेस.लिस्ट’ या फाइलीत एक ओळ लिहून ठेवी. सुरुवातीला सांगितलेल्या मागणीचा उगम याच ओळीत आहे. जून 2005 च्या ‘सार्ज’ आवृत्तीत 15,000 हून अधिक पॅकेजे होती आणि सीडी डझनाहून जास्त. हवे ते पॅकेज त्यांतल्या कोणत्या सीडीवर आहे, हे यंत्राने आपणहून सांगणे ही त्या दिवसांत मोठीच मदत होती.

भारतात तर सीडीवाचून लिनक्स पोचलेच नसते. 56 केबीपीएसचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी 650 एमबीची एक सीडी उतरवायला दिवसाहून अधिक वेळ लागतो, आणि फोनची लाइन मध्येच तुटे. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या, फेब्रुवारी 2003 मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स फॉर यू’ने तोच वसा चालवला. उबुंटूच्या ‘शिपइट’ योजनेत तर 2011 पर्यंत जगात कुठेही टपालाने सीडी फुकट येत असे.

पेनड्राइव्ह बाजारात आला 2000 साली. त्या वर्षअखेरीस आयबीएमने विकायला काढलेला नमुना अवघा 8 एमबीचा होता. तो पुरेसा मोठा आणि स्वस्त होईपर्यंत लिनक्सची सगळी रचना सीडीभोवती पक्की झाली होती. सीडीची प्रतिमा (तिच्यावरचे सगळे काही जसेच्या तसे सामावणारी एकच फाइल) पेनड्राइव्हवर नुसती लिहून भागेना, कारण संगणक दोन्हींवरून वेगवेगळ्या रीतीने सुरू होतो. इथे एच. पीटर ॲन्व्हिनने 2008 मध्ये सुरेख तोड काढली. सीडीच्या आयएसओ 9660 मानकात आरंभीची 32 केबी जागा मोकळी सोडलेली असते. तिथे त्याने डिस्क सुरू करणारा छोटा कोड बसवला. ‘आयएसओहायब्रिड’ नावाच्या या युक्तीने एकच प्रतिमा सीडीवरही चालू लागली आणि पेनड्राइव्हवरही. फेब्रुवारी 2011 च्या डेबियन 6.0 ने ती स्वीकारली.

पण सवयी जुन्याच राहिल्या. काही साधने प्रतिमा जशीच्या तशी न लिहिता आतल्या फाइली उलगडून फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ठेवत. यंत्र सुरू होई, आणि थोड्याच वेळात इन्स्टॉलर ‘सीडी-रॉम सापडली नाही’ म्हणून थांबे. त्याच्या तपासणीच्या भागाचे नावच ‘सीडीरॉम-डिटेक्ट’ आहे. कोणी प्रतिमा संपूर्ण पेनड्राइव्हवर (‘एसडीबी’) न लिहिता त्याच्या ‘एसडीबी1’ या विभागावर लिही, कोणी ‘सिंक’ म्हणजे उरलेले लिखाण पूर्ण होण्याआधीच पेनड्राइव्ह उपसून काढी. संदेश तोच, कारणे तीन. फ्लॉपीच्या काळात चुकीला क्रमांक होता. इथे तिचा माग काढावा लागतो.

वायफायची अडचण याहून जाचक होती. 2011 पासून डेबियनने मुक्त नसलेले फर्मवेअर (उपकरणाला चालवणारा कोड) अधिकृत प्रतिमेतून वगळले. तत्त्व आदरणीय होते, पण वायफायचे फर्मवेअर उतरवायला वायफायच हवे, या फेऱ्यात एकच संगणक असलेला माणूस अडके. इन्स्टॉलर ते फर्मवेअर असलेला दुसरा पेनड्राइव्ह मागे. ऑक्टोबर 2022 मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदानाने धोरण बदलले आणि 10 जून 2023 च्या डेबियन 12 पासून हे फर्मवेअर सोबतच येते. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता.

ज्यांच्या यंत्राला इंटरनेटच नाही, त्यांच्यासाठी रितेश राज सराफ या भारतीय डेबियन विकासकाने ‘अ‍ॅप्ट-ऑफलाइन’ लिहिले. काय हवे त्याची यादी पेनड्राइव्हवर घ्यायची, इंटरनेट असलेल्या संगणकावर पॅकेजे उतरवायची आणि परत आणून टाकायची.

तुमचा लॅपटॉप सीडी मागू लागला तर पुन्हा काहीही टाकू नका. ‘सोर्सेस.लिस्ट’ उघडा, ‘सीडीरॉम’ असलेल्या ओळीच्या सुरुवातीला # घाला, खाली इंटरनेटवरच्या भांडाराची ओळ आहे ना ते पाहा आणि ‘अ‍ॅप्ट अपडेट’ चालवा.