भीती वाचकाची, चोर मागच्या दाराने

1997 साली बिल आणि मेलिंडा गेट्स यांनी अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांना इंटरनेट-जोडणीचे संगणक द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत सुमारे 11 हजार ग्रंथालयांत ही यंत्रे पोचली. ज्यांच्या घरी संगणक नव्हता ते नोकरीचा अर्ज, कराचा फॉर्म, मुलांचा प्रोजेक्ट घेऊन तिथे येऊन बसू लागले. काम व्हायचे, पण उतरवून घेतलेली फाइल घरी न्यायची कशी?

तेव्हा नेहमीचे साधन होते : 1.44 एमबीची फ्लॉपी. ग्रंथपालांना नेमकी तिचीच धास्ती. लाहोरच्या दोन भावांनी 1986 मध्ये लिहिलेला ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉपीवरूनच जगभर फिरला होता. म्हणून अनेक ग्रंथालयांनी नियम केला, की घरची फ्लॉपी चालणार नाही, काउंटरवरून कोरी विकत घ्या. वाचकाकडे बघण्याची ही नजर पुढेही बराच काळ टिकली.

तंत्रज्ञांनी मात्र वेगळी वाट काढली. वाचकाला अडवण्याऐवजी यंत्रालाच विसरभोळे करायचे. कॅनडातल्या व्हँकूवरच्या फॅरोनिक्स कंपनीचे ‘डीप फ्रीझ’ हे त्यातले गाजलेले नाव; आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्येही ते अनेकांनी पाहिले असेल. वाचक जे काही उतरवेल, बदलेल, बिघडवेल ते सगळे डिस्कवर तात्पुरत्या जागी लिहिले जाते आणि संगणक पुन्हा सुरू केला की पुसले जाते. मायक्रोसॉफ्टनेही 2007 मध्ये ‘विंडोज स्टेडीस्टेट’ नावाने अशीच सोय फुकट दिली आणि 2010 अखेर बंद करून टाकली. फुकट म्हणून तिच्यावर विसंबलेली छोटी ग्रंथालये उघड्यावर पडली.

या युक्तीचा चटका बसायचा तो वाचकाला. तासभर खपून बायोडेटा टाइप करायचा, तो डेस्कटॉपवर ठेवायचा आणि वेळ संपली की यंत्र आपोआप रीस्टार्ट. बायोडेटा गायब. म्हणून पडद्याशेजारी ‘फाइल पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलवर घ्या’ अशी पाटी लागायची, आणि घाईतला माणूस ती हमखास वाचायचा नाही.

फ्लॉपी गेली तशी तिची धास्ती पेनड्राइव्हकडे आली. 2008 च्या अखेरीस पसरलेल्या ‘कॉन्फिकर’ने ती खरीही ठरवली, पण भलत्याच बाजूने. मे 2009 मध्ये लंडनमधल्या ईलिंग कौन्सिलचे जाळे त्याने आडवे केले. लागण झालेला पेनड्राइव्ह लावला होता तो कौन्सिलच्याच कर्मचाऱ्याने. नुकसान सुमारे पाच लाख पौंडांचे. त्यात दंड आणि बुकिंगपोटी ग्रंथालयांना मिळणारे हजारो पौंडही बुडाले.

पुढेही तसेच झाले. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या सार्वजनिक ग्रंथालयावर जानेवारी 2017 मध्ये खंडणीखोर हॅकरांनी हल्ला केला. सगळ्या शाखांतले मिळून सुमारे 700 संगणक बंद पडले आणि बिटकॉइनमध्ये 35 हजार डॉलरची मागणी झाली. ग्रंथालयाने छदामही न देता बॅकअपवरून यंत्रणा पुन्हा उभी केली. चोर शिरला होता व्हॉइसमेलच्या सर्व्हरमधून. वाचकांनी उतरवलेल्या फाइलींशी त्याचा संबंध नव्हता.

ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर ‘ऱ्हिसिडा’ टोळीने हात मारला. ग्रंथालयाने मार्च 2024 मध्ये आपल्या चुकांसकट अहवाल छापला; असा प्रांजळपणा सरकारी संस्थांत क्वचित दिसतो. बाहेरच्या भागीदारांना आणि आपल्याच तंत्रज्ञांना दुरून काम करता यावे म्हणून ठेवलेला सर्व्हर हाच बहुधा चोरवाट ठरला, असे त्यात नोंदले आहे. त्याच्यावर पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी नव्हती.

आज जी रीत रूढ आहे ती या अनुभवांशी जुळते. वाचकांचे संगणक आणि वायफाय एका जाळ्यावर, पुस्तकांची देवघेव आणि पगारपत्रके दुसऱ्यावर, मधे फायरवॉल. पेनड्राइव्ह लावला तर त्यातले काही आपोआप चालू होत नाही; मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये जुन्या विंडोजमधलीही ती खोड बंद केली. एवढे केले आणि यंत्र विसरभोळे ठेवले, तर वाचकाने काहीही उतरवले तरी बहुधा फार तर एक यंत्र पुन्हा सुरू करावे लागते.

कार्यालयीन बाजू पडली की काय होते, हे टोरांटोने पाहिले. तिथल्या 100 शाखांच्या सार्वजनिक ग्रंथालयावर ऑक्टोबर 2023 मध्येच हल्ला झाला. पुस्तके कागदावर नोंदून दिली जात होती, पण परत आलेली जमा करून घेता येईनात. यंत्रणा सुरू होईपर्यंत दहा लाखांच्या आसपास पुस्तके मालट्रकांच्या ट्रेलरांत भरून ठेवावी लागली.