मुकादम, मास्तर आणि भरतीचा हिशेब

वेण्णेकाठचं मेढा हे जावळी तालुक्याचं मुख्य ठिकाण. इथे पाऊस भरपूर, पण डोंगरउतारावरची भात-नाचणीची शेती थोडी. म्हणून सातारच्या या डोंगरी भागातला तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला. आधी गिरणीत, पुढे बाजारपेठेतल्या माथाडी कामात. त्याला काम कसं मिळे, या इतिहासात आजच्या कंपन्यांमधल्या एका भांडणाचं मूळ सापडतं. भरती करणारे म्हणतात, खात्याला नेमकं काय हवं तेच कळत नाही. खातेप्रमुख म्हणतात, पाठवलेली माणसं कामाची नाहीत. दोघांनी सलोख्याने वागावं, हा उपाय अपुरा आहे. निवडीचा नियम काय आणि निवड चुकली तर झळ कोणाला, हे ठरल्याशिवाय सलोखा टिकत नाही.

मुंबईत १८५६ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि तिच्यामागून वाढलेल्या गिरण्यांत कामगार भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती गेली. माणूस आणणारा तोच, त्याच्यावर देखरेख ठेवणाराही तोच. वरच्या मास्तरला, म्हणजे गिरणीतल्या खातेप्रमुखाला, साचे चालू राहण्याशी मतलब. साच्यावर कोण उभा आहे आणि का, हे त्याने पाहायचं कारण नव्हतं. मुकादम नव्या माणसाकडून दस्तुरी, म्हणजे काम लावून देण्याचे पैसे, घेई. त्यामुळे एक माणूस काढला की दुसऱ्याकडून पुन्हा दस्तुरी मिळे. निवड चुकल्याचा तोटा गिरणीला आणि कामगाराला, फायदा मात्र निवडणाऱ्याला, असा हा उलटा हिशेब होता. १९३१ च्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने नेमकं यावर बोट ठेवलं आणि भरती मुकादमाकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी असं सुचवलं.

यावर आक्षेप असा की मुकादम निव्वळ लुटारू नव्हता. तो गावाकडची माणसं ओळखे, अडल्यानडल्याला उधार मिळवून देई. त्याची सत्ता चाळ आणि वस्तीतल्या लागेबांध्यांवर उभी होती, हे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवलं आहे. हे खरंच आहे. पण ही सारी ओळख मुकादमाच्या डोक्यात राही. मास्तरला ती तपासता येत नसे आणि कामगाराला तिच्याविरुद्ध दाद मागता येत नसे. ज्ञान होतं, उत्तरदायित्व नव्हतं.

गिरण्यांत गैरहजर कामगाराच्या जागी बदली माणूस घेतला जाई. १९३५ च्या बदली नियंत्रण योजनेने तिथे पहिला पेच, म्हणजे निवडीच्या नियमाचा, काही अंशी सोडवला: ठरावीक माणसांना बदली कार्ड मिळू लागलं आणि रोजच्या रिकाम्या जागा कार्डवाल्यांतून भरायच्या असं ठरलं. बाजारपेठेत हे काम १९६९ च्या माथाडी कायद्याने केलं. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने माथाडींच्या टोळीची नोंदणी माथाडी मंडळाकडे आली, मजुरीही मंडळामार्फत मिळू लागली आणि मंडळावर मालक, कामगार व सरकार तिघेही बसले. कोणी म्हणेल, यातही वशिला आणि बोगस नोंदींच्या तक्रारी झाल्याच. झाल्या, पण नोंद होती म्हणूनच ती बोगस आहे असं म्हणता आलं. मुकादमाच्या तोंडी शब्दाला खोटं ठरवायला कसलाच कागद नव्हता. म्हणून आजच्या कंपनीनेही जागा भरण्याआधी कामाच्या अपेक्षा भरती करणारे आणि खातेप्रमुख या दोघांकडून लिहून घ्याव्यात आणि माणूस सहा महिन्यांत सोडून गेला तर ते अपयश दोघांच्याही खाती मांडावं.