पुतळा उभारणारे हात आणि पाडणारे हात : अमेरिकेतील वसाहती बंडाला का उठल्या?

९ जुलै १७७६. न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा सैन्यापुढे वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीन येथील तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा दोरखंड लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा होता, वर सोन्याचा मुलामा. त्यातले बरेचसे शिसे कनेक्टिकटमधील लिचफील्ड गावी नेऊन वितळवले गेले आणि त्यापासून बंदुकीच्या चाळीस हजारांहून अधिक गोळ्या पाडण्यात आल्या.

एवढी हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. पण मित्रहो, हा पुतळा याच शहराने स्वखुशीने, कृतज्ञतेपोटी उभारला होता. मुद्रांक कायदा रद्द झाल्याच्या आनंदात १७६६ मध्ये तो बसवण्याचे ठरले आणि १७७० मध्ये तो उभा राहिला. पाडला तेव्हा त्याला पुरती सहा वर्षेही झाली नव्हती. राजाचा जयजयकार करणारी प्रजा इतक्या अल्पावधीत त्याच्या मूर्तीच्या गोळ्या का पाडू लागली, हे या धाग्यात पाहू. धागा लांबला आहे, पण विषयच तसा आहे.

१७६३ पासून सुरुवात करणे योग्य. सप्तवार्षिक युद्ध संपले, पॅरिसचा तह झाला, कॅनडा फ्रान्सकडून ब्रिटनकडे आला. या विजयाचा आनंद बोस्टन आणि फिलाडेल्फियालाही लंडनइतकाच होता. वसाहतवासी स्वतःला इंग्रजच मानत, किंबहुना जगातील सर्वांत स्वतंत्र प्रजा म्हणून मिरवत. पण या विजयाची किंमत मोठी होती. ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज युद्धापूर्वी सुमारे साडेसात कोटी पौंड होते, ते तेरा कोटींच्या घरात गेले. शिवाय अमेरिकेत सुमारे दहा हजार फौज कायम ठेवायची होती. लंडनच्या मुत्सद्द्यांचा हिशेब सरळ होता : युद्ध तुमच्या रक्षणासाठी झाले, तेव्हा खर्चाचा थोडा वाटा तुम्हीही उचला.

हा हिशेब अवाजवी नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. अमेरिकेतील माणसावर असलेला कराचा बोजा इंग्लंडमधील माणसाच्या तुलनेत कितीतरी हलका होता. म्हणून ‘करांनी पिचलेली जनता पेटून उठली’ हे जे सरधोपट उत्तर आपण परीक्षेत लिहून मोकळे होतो, ते टिकत नाही. कर किती, यापेक्षा तो बसवण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद होता.

या अधिकाराची सवय जुनी होती. व्हर्जिनियाची प्रतिनिधिसभा १६१९ पासून भरत आली होती. मागाहून प्रत्येक वसाहतीत अशी सभा आली आणि करांचा निर्णय तीच करू लागली. लंडनने नेमलेल्या गव्हर्नरचा पगारसुद्धा बहुतेक ठिकाणी सभेच्या मर्जीवर अवलंबून असे. पार्लमेंट व्यापाराचे नियम करी, पण वसाहतींच्या अंतर्गत कारभारात फारसे लक्ष घालत नसे. दीड शतक चाललेली वहिवाट लोकांना हक्कच वाटू लागते, आणि असा हक्क कोणी काढून घेऊ लागले की ती सुधारणा न वाटता अतिक्रमण वाटते.

पहिला ओरखडा जमिनीवरून उमटला. ऑक्टोबर १७६३ च्या राजघोषणेने ॲपलाचियन पर्वतरांगेपलीकडे वसाहत करण्यास मनाई केली. तेथील मूलनिवासी जमातींशी नवी युद्धे ओढवू नयेत, हा तिचा हेतू होता. पण ज्यांनी त्या जमिनींवर पैसा लावला होता किंवा लावण्याची स्वप्ने पाहिली होती, त्यांना ही घोषणा जिव्हारी लागली. जॉर्ज वॉशिंग्टन हे त्यांपैकीच एक.

१७६४ चा साखर कायदा तर अधिकच विचित्र. मळीवरील जकात गॅलनमागे सहा पेन्सांवरून तीन पेन्सांवर आणली गेली, म्हणजे कर घटला! पण पूर्वीची जकात कोणी भरतच नव्हते. चोरट्या व्यापाराचा रिवाजच पडला होता. आता वसुली खरोखर होणार होती, आणि पकडलेल्यांचे खटले नाविक न्यायालयांत चालणार होते, जेथे ज्यूरी नसे.

मग आला मार्च १७६५ चा मुद्रांक कायदा. न्यायालयाचे कागद, करारपत्रे, परवाने, वृत्तपत्रे, पंचांगे, पत्ते आणि फासे या सर्वांवर मुद्रांकशुल्क लागणार होते. इंग्लंडमध्ये असे शुल्क १६९४ पासून होते, त्यामुळे लंडनला त्यात वावगे काही दिसेना. माझ्या मते एवढा अदूरदर्शी कायदा शोधून सापडणार नाही. त्याचा थेट फटका वकील, मुद्रक, व्यापारी आणि पत्त्यांचे डाव रंगवणारे मद्यगृहमालक यांना बसला. म्हणजे ज्यांना बोलता येते, ज्यांना छापता येते आणि ज्यांच्याकडे माणसे जमतात, नेमके तेच एकाच फटक्यात दुखावले. बोस्टनमध्ये ऑगस्टमध्ये मुद्रांक अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हरची प्रतिमा झाडाला टांगण्यात आली आणि थोड्याच दिवसांत लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सनच्या घराची पार धूळधाण झाली. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. एरवी सीमांवरून एकमेकींशी भांडणाऱ्या वसाहती एका ठिकाणी बसल्या, ही खरी नवी गोष्ट.

त्यांचे म्हणणे असे : पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, मग तिने आमच्या खिशात हात का घालावा? यावर लंडनचे उत्तर तयार होते. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा सभासद नव्हता, पार्लमेंटचा प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो! अमेरिकेत या युक्तिवादाचे हसे झाले. मँचेस्टरवर अन्याय होतो म्हणून बोस्टनवरही व्हावा, हे कोण मान्य करील?

ब्रिटिश व्यापाऱ्यांनाही बहिष्काराची झळ लागली आणि मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. पुतळा ठरला तो याच आनंदात. पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला : वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा पूर्ण अधिकार आम्हाला आहे. जल्लोषात त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१७६७ मध्ये चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. खरी मेख उत्पन्नाच्या विनियोगात होती. त्यातून गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार दिले जाणार होते. सभेच्या हातातील लगाम अशा रीतीने अलगद काढून घेतला जाणार होता. पुन्हा बहिष्कार, बोस्टनमध्ये फौज, आणि ५ मार्च १७७० रोजी जमावावर झालेल्या गोळीबारात पाच मृत्यू. सैनिकांचे वकीलपत्र घेतले जॉन ॲडम्सने, आणि बहुतेकांना त्याने सोडवलेही. त्याच वर्षी बाकीच्या जकाती उठल्या. चहावरची मात्र मुद्दाम राखली, अधिकाराची खूण म्हणून.

येथे आपल्या परिचयाची मंडळी रंगमंचावर येतात : ईस्ट इंडिया कंपनी. बंगालची दिवाणी मिळूनही १७७२ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. १७६९-७० च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला होता, आणि लंडनच्या गोदामांत सुमारे पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चहा पडून होता. (हा चहा आसामचा नव्हे, चीनमधील कँटनचा. आसामचा चहा फार नंतरचा.) कंपनी वाचवण्यासाठी मे १७७३ मध्ये चहा कायदा झाला : कंपनीने अमेरिकेत आपल्या आडत्यांमार्फत थेट चहा विकावा. पौंडामागे तीन पेन्सांची जकात कायम राहूनही चहा पूर्वीपेक्षा स्वस्त होणार होता.

स्वस्त चहा समुद्रात बुडवणारे लोक वेडे नव्हते. डच चहाच्या चोरट्या व्यापारात गुंतलेल्यांचा धंदा बुडणार होता, हे खरेच. पण स्वस्ताईच्या आमिषाने चहा घशाखाली उतरला की कराचा अधिकारही उतरला, असे इतर अनेकांना वाटले. बंगालच्या बातम्याही तेथे पोहोचल्या होत्या. जॉन डिकिन्सनने टोपणनावाने लिहिलेल्या पत्रात कंपनीच्या आशियातील लुटीचे दाखले देऊन आता आपली पाळी असल्याचा इशारा दिला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरील ३४२ पेट्या बोस्टनच्या बंदरात रित्या झाल्या.

या कृत्यावर अमेरिकेतही एकमत नव्हते, पुष्कळांना ती निव्वळ नासधूस वाटली. ब्रिटनने संयम दाखवला असता तर बोस्टन एकटे पडले असते. पण १७७४ च्या दंडात्मक कायद्यांनी बंदर बंद झाले, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडीत निघाली आणि गावसभांवर बंधने आली. आज बोस्टन, उद्या आपण, ही भीती व्हर्जिनियापर्यंत पोहोचली. सप्टेंबरमध्ये बारा वसाहती फिलाडेल्फियात एकत्र आल्या. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन येथे पहिल्या गोळ्या सुटल्या.

तरीही राजावरची श्रद्धा शिल्लक होती. दोष पार्लमेंटचा, राजा न्यायी, असेच बहुतेक मानत. जुलै १७७५ मध्ये काँग्रेसने राजाकडे विनवणीचा अर्ज धाडला. राजाने तो स्वीकारला नाही. ऑगस्टमध्ये त्याने वसाहतींना बंडखोर घोषित केले. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनची पुस्तिका निघाली आणि तिने राजेपणावरच आघात केला. सहा महिन्यांनी निघालेल्या जाहीरनाम्यात ‘पार्लमेंट’ हा शब्द एकदाही येत नाही. गाऱ्हाण्यांची सारी यादी राजाच्या नावावर आहे.

त्या गाऱ्हाण्यांतच एक असे की राजा आमच्यात अंतर्गत बंडे चेतवतो. त्यामागे नोव्हेंबर १७७५ ची घटना होती. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केले होते की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. दोलायमान असलेले अनेक मळेवाले या घोषणेने बंडाच्या बाजूला ढकलले गेले. वसाहतींतील पंचवीस लाख लोकसंख्येत सुमारे पाच लाख गुलाम होते. त्यांपैकी हजारो जण स्वातंत्र्याच्या शोधात पळाले ते ब्रिटिश छावणीकडे. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिशांनी सुमारे तीन हजार कृष्णवर्णीयांची नावे नोंदवहीत लिहून त्यांना जहाजांवर चढवले. वॉशिंग्टनने त्यांना परत मागितले, सेनापती गाय कार्लटनने नकार दिला. त्या नोंदवहीत एक नाव हॅरी वॉशिंग्टन असे आहे. तो जनरल वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन मळ्यावरून पळालेला गुलाम होता.