टाकीचे घाव

माझे वडील जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात गावोगाव हिंडून जाती-पाटे टाकवायचे. दगड पुढ्यात आला की आधी हातोडीने हलकेच वाजवून बघायचे. खणखणीत वाजला तर बसकण मारायची, बद्द वाजला तर घरधनिणीला सांगायचं, माय, याच्या पोटात चीर आहे, हा टिकायचा नाही. पुढे घरोघरी पीठ गिरणीतून यायला लागलं आणि ते काम बसलं. मी पाहुण्यांना एका दिवसात हा मुलूख दाखवतो, त्याला बावीस वर्षं झाली. कुठल्याही लेण्यात शिरलो की माझी नजर पहिली जाते ती टाकीच्या घावांकडे.

सकाळी सहाला जुन्नर सोडतो. बहुतेकांना आधी शिवनेरी हवा असतो. मी म्हणतो, शिवनेरीला उद्याचा अख्खा दिवस द्या, आज वाट बघू. जुन्नर मोठं झालं ते नाणेघाटाच्या वाटेमुळे. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल जनावरांच्या पाठीवर लादून याच नळीने वर चढायचा, जुन्नरात विसावायचा आणि पुढे सातवाहनांच्या पैठणला जायचा. घाटघर मागे टाकलं की पठार एकदम संपतं. समोर कोकण, दरीवर झुकलेला नानाचा अंगठा, आणि जीवधनाला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका, साडेतीनशे फुटांच्या आसपास. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. त्यातला कच्चा दगड ऊनपावसाने झडला, पक्का तेवढा राहिला.

घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. सगळे त्याच्याशेजारी फोटो काढतात आणि खालच्या लेण्यात डोकावून परत फिरतात. मी तिथे त्यांना बसवतो. भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे, सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या काळचा, दोन हजार वर्षांहून जुना. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा यांचा तो हिशेब आहे: 1,700 गायी, 10 हत्ती, 24,400 कार्षापण. मुलं बरोबर असली तर त्यांना आकडे शोधायला लावतो. आपल्या अंकांच्या फार जुन्या रूपांपैकी ही आहेत. भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्यांचा अभ्यास केला. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं उरलीत आणि खाली पावलांच्या खुणा. या अक्षरांशेजारी कुणी खिळ्याने आपलं नाव ओरखडलेलं दिसलं की माझा जीव तुटतो. वडिलांनी दुसऱ्याच्या जात्यावर एक घाव जास्तीचा कधी घातला नाही.

परतताना तुळजा लेण्यांपाशी थांबतो. इथला चैत्य गोल आहे, मध्ये स्तूप आणि भोवती 12 अष्टकोनी खांब. असा आराखडा फार कमी ठिकाणी सापडतो. इथे मी फारसं बोलत नाही, लोक आपसूक स्तूपाभोवती फिरू लागतात.

दुपारी लेण्याद्री. गिरिजात्मजाचं दर्शन झालं की शेजारच्या सहाव्या लेण्यात नेतो. तो चैत्य कल्याणच्या हेरणिकाच्या मुलाने, सुलसदत्ताने दान दिला, असा तिथे लेख आहे. सकाळी ज्या घाटाच्या तोंडाशी उभे होतो त्याच्या पलीकडच्या गावचा माणूस! जुन्नरच्या लेखांत धान्याचे व्यापारी, बुरूड, कासार यांच्या श्रेणी येतात, यवन दातेही येतात. लेण्यासोबत खोदलेल्या पाण्याच्या टाक्याला हे लेख ‘पोढी’ म्हणतात.

खोदणाऱ्यांचं काय, असं दरवेळी कुणीतरी विचारतंच. मग मी अर्धवट राहिलेल्या खोलीकडे नेतो. लेणं छतापासून खाली खोदत येतात, म्हणजे परांची बांधावी लागत नाही. छत गुळगुळीत झालेलं असतं आणि जमिनीलगत दगड अजून ओबडधोबड असतो. तिथे मोबाइलचा उजेड भिंतीला समांतर, तिरपा धरायचा. तिरक्या रेघा उठून दिसतात, जवळजवळ, एका मापाच्या. मध्येच रेघांची दिशा बदलते. माझ्या वडिलांचा हात दुखला की ते असेच कूस बदलून बसायचे, आणि जात्यावरची रेघ तिथून उलटी फिरायची.

वेळ उरला आणि नदी आटलेली असली, तर शेवट निघोजला करतो. लांब पडतं, पण नदी तीच. नाणेघाटाच्या अंगाने, कुकडेश्वराकडून निघालेली कुकडी इथे त्याच काळ्या कातळात शिरते. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगरत राहून खडक घासतात, त्यातून रांजणखळगे झाले, काही माणूस बुडेल एवढे खोल. पाहुण्यांना सांगतो, काठावर पालथे पडा आणि आत हात घाला. ते भिंत चाचपतात, थंड, जात्याच्या घासलेल्या पाळीसारखी गुळगुळीत. सकाळपासून दगड बघून बघून त्यांना सवय झालेली असते, त्यामुळे बोटं बराच वेळ टाकीचा घाव शोधत राहतात.